सहीच्या आधी : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतही तोच गोंधळ आहे. ‘काय करू?’ असं सगळ्यांनी विचारलंय, पण ‘केल्यावर मागे फिरता येईल का?’ हे एकानेही विचारलेलं नाही. बँकेच्या कर्ज विभागात 31 वर्षं काढली, आता दादरला बसून छोट्या धंदेवाल्यांचे कागद पाहतो. माझ्याकडे येणारी माणसं भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी, चांगली हिशेबी असतात. सही मात्र घाईत नाहीतर भिडेत करून आलेली असतात.

प्रश्न (लालबाग) : स्टेशनरीचं दुकान आहे, गिऱ्हाईक कमी झालंय. एक अंकशास्त्री दुकानाच्या नावात एक अक्षर वाढवायला सांगतात. फी 11 हजार. वाढवू का?

नाही. त्या पैशांत पाटी नीट रंगवून घ्या. ती ठळक देवनागरीत हवी, ते मात्र कायद्यानेच लागतं. गिऱ्हाईक का कमी झालं हे जवळच्या शाळेच्या शिपायाला विचारा. फुकट सांगेल.

प्रश्न (डोंबिवली) : सॅम्पल फ्लॅट पाहिला, घरच्यांना फार आवडला. आज 2 लाख टोकन दिलं तरच हा भाव, उद्यापासून चौरस फुटामागे 300 रुपये वाढणार म्हणतात.

हा उद्या वाढणारा भाव मी इतकी वर्षं उद्यावरच पाहतोय. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग मोजलात का? पुष्कळदा नेहमीच्या मापापेक्षा आखूड ठेवतात आणि दारं काढून टाकतात, म्हणजे खोली मोठी वाटते. घरी येऊन महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घाला आणि ताब्याची तारीख काय लिहिलीय ती वाचा. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. टोकन कोणत्या अटीवर परत मिळेल ते लिहून मागा आणि समोरच्याचा चेहरा पाहा. वकिलाने कागद बघेपर्यंत चेकबुक कपाटात.

प्रश्न (वसई) : भाड्याच्या गाळ्यात केकचं दुकान टाकलं. डिपॉझिट 3 लाख, फर्निचर आणि पीओपीला 5 लाख, ओव्हन 1 लाख. दोन वर्षं झाली, अजून घरातून महिन्याला 18 हजार घालतेय. 9 लाख घातल्यावर आता कसं सोडू?

ताई, तुमच्या मूळ पत्रात 9 लाख हा आकडा तीनदा आलाय, पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब एकदाही नाही. घातलेला पैसा सगळा एका जातीचा नसतो. डिपॉझिट मालकाकडे आहे, ते परत यायचं आहे. ओव्हन आणि कपाटं पडत्या भावाने का होईना विकली जातील. पीओपी गेलं. दुकान चालवलंत तरी गेलं, बंद केलंत तरी गेलं, तेव्हा ते वहीतून खोडा. उरतात महिन्याचे 18 हजार, म्हणजे वर्षाचे 2 लाख 16 हजार. ते घालून नक्की काय बदलणार आहे? समोर शाळा सुरू होतेय, एखाद्या कॅन्टीनची रोजची ऑर्डर ठरतेय, असं बोट दाखवता येण्यासारखं काही असेल, तर शेवटची तारीख लिहून ठेवून चालवा. ‘दिवाळीत उठेल धंदा’ हे बोट दाखवणं नव्हे. मालकाला नोटीस देण्याआधी करारातली लॉक-इनची (ठरलेल्या मुदतीआधी गाळा न सोडण्याची) अट मात्र वकिलाकडून वाचून घ्या, नाहीतर डिपॉझिटही त्या पीओपीच्या वाटेने जाईल.

प्रश्न (विलेपार्ले) : साडूंना धंद्यासाठी 15 लाखांचं कर्ज हवंय, जामीनदार म्हणून माझी सही मागतात. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे, बँक आधी मलाच धरणार’ म्हणतात. नाही म्हटलं तर सासुरवाडीला तोंड दाखवता येणार नाही.

नुसती फॉर्मॅलिटी! कर्जदाराची पत पुरेशी असती तर बँकेने तुमचं नाव विचारलंच नसतं. भारतीय करार कायदा 1872 चा आहे, त्याचं कलम 128 सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याला धरा, मग माझ्याकडे या’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच निकालात काढलाय. आणि आतली गोष्ट सांगतो, कारण मी त्या खुर्चीत बसलोय : धंदा बुडालेल्या माणसापेक्षा पक्का पत्ता आणि चालू पगार असलेला जामीनदार वसुलीला केव्हाही सोयीचा. शिवाय ते कर्ज तुमच्या सिबिल अहवालात, म्हणजे बँका पाहतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा साडूंचे थकलेले हप्ते तुमच्या नावासमोर.

माझी स्वतःचीच गोष्ट ऐका. 1994 साली एका सहकाऱ्याने पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म मधल्या सुट्टीत आणला. सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली. माझ्या एका हातात बटाटावडा होता, दुसऱ्या हाताने सही केली. वड्याच्या तेलाचा डाग त्या कागदावर राहिला, एवढंच मला आठवतं. मजकूर आठवत नाही, कारण वाचलाच नव्हता. तो गृहस्थ नोकरी सोडून गेला आणि 26 महिने माझ्या पगारातून कपात झाली. दिवसभर दुसऱ्यांची जामीनपत्रं तपासणारा मी! भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. मला ती बहीण दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर भेटायची.

तेव्हा फुली दिसली की कागद घरी आणा, एक रात्र राहू द्या. मग बायकोला समोर बसवा (प्रश्न तिच्या माहेरचा आहे, तिला कसले वगळता?) आणि हिशेब मांडा : हे 15 लाख व्याजासकट आपल्यालाच भरायचे आहेत असं धरलं, तर झेपतील का? झेपणार असतील तर खुशाल सही करा. नसतील तर बुडाले तरी बोलणं बंद होणार नाही एवढी रक्कम, लाख म्हणा दीड लाख म्हणा, हातउसनी द्या आणि विषय संपवा. ज्यांनी आधीच सही केलीय त्यांनी जामीनपत्राची प्रत मागून वकिलाला दाखवावी. तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर त्याच करार कायद्याच्या कलम 133 चा आधार असतो, पण बँकेच्या छापील फॉर्मात तो हक्क बहुधा तुम्ही आधीच सोडून दिलेला असतो. बारीक अक्षरात.

प्रश्न (बोरिवली) : मुलगा 24 वर्षांचा. शेअर बाजारात ऑप्शन्सच्या सौद्यांमध्ये तीन महिन्यांत 80 हजार मिळवले, नोकरी सोडायची म्हणतो.

शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या 2024 च्या पाहणीप्रमाणे 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख. तो उरलेल्या सातांत असेलही. पण सिग्नल तोडून रिक्षा वेळेवर पोचली म्हणून सिग्नल तोडणं शहाणपणाचं ठरत नाही. वर्षभर नोकरी करता करता प्रत्येक सौद्याआधी ‘का घेतोय’ ते एका ओळीत वहीत लिहू दे. आणि टेलिग्रामवर त्याला टिपा विकणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, ते आधी बघा.

प्रश्न (भांडुप) : भावाच्या कारखान्यासाठी आईच्या नावावरचं घर तारण ठेवलं होतं. कर्ज थकलं म्हणून बँकेची सरफेसी (तारण ताब्यात घेण्याच्या) कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस येऊन 40 दिवस झाले. भाऊ म्हणतो, गणपती होऊन जाऊ देत.

नोटिशीच्या तारखेपासून थकबाकी भरायला 60 दिवस असतात. तुमच्याकडे फार तर 20 उरले. लेखी हरकत दिलीत तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. मॅनेजर ओळखीचा आहे, फोनवर बोलणं झालंय, हे कुठेच धरत नाहीत. डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) काम करणारा वकील आज संध्याकाळपर्यंत गाठा. आईला बरोबर न्या, आणि नोटिशीचं पाकीट फेकलं नसेल तर तेही. तारखा तो पहिल्यांदा विचारेल.