वेबसाइटला नेमकी कोण कोण माणसं लागतात?

प्रश्न : गुहागरला आमचा घरगुती व्यवसाय आहे. मोसमात हापूसच्या पेट्या आणि वर्षभर आगळ, आमसुलं, फणसपोळी विकतो. वेबसाइटसाठी तीन कोटेशनं आली. पहिल्यात नुसतं 'डिझाइन व डेव्हलपमेंट' एवढंच आहे. दुसऱ्यात यूआय-यूएक्स, फ्रंट-एंड, बॅक-एंड, टेस्टिंग अशा वेगवेगळ्या रकमा आहेत. तिसरा मुलगा म्हणतो, 'मी फुल-स्टॅक, सगळं एकटाच करतो.' एवढी माणसं खरंच लागतात का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : माणसं एवढी लागतीलच असं नाही, कामं मात्र एवढी असतातच. म्हणून हुद्द्यांकडे बघू नका, प्रत्येक काम कोण करणार ते विचारा.

गिऱ्हाइकाला पेटीचा भाव कुठे दिसेल, ऑर्डरचं बटण अंगठ्याच्या टप्प्यात येईल का, हे डिझायनर ठरवतो. कोटेशनमधलं 'यूआय-यूएक्स' ते हेच. रंगसंगती त्यानंतरची. वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की, साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांच्यामागचा रंग यांच्यात किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा. हापूसच्या केशरीवर पांढरी अक्षरं तिथेच नापास होतात. अंगणात उन्हात मोबाइल धरून बघा, लगेच पटेल.

ते डिझाइन ब्राउझरमध्ये उतरवणं हे फ्रंट-एंडचं काम. मी स्वतः हेच काम करते, म्हणून इथे थोडं जास्त सांगते. डिझाइन बरेचदा इंग्रजी डमी मजकुरावर बेतलेलं असतं. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्याच हिशेबाचं असतं. त्यात मराठी मजकूर भरला की 'ऑर्डर'मधला रफार बटणाच्या कडेला कापला जातो, वेलांट्या वरच्या ओळीला भिडतात. शिवाय पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवावं लागतं. तसं केलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. डिझायनरच्या हातात पहिल्या दिवसापासून तुमचा खरा मजकूर द्या.

पण हा मजकूर लिहिणार कोण? तुम्ही कळवलेल्या तपशिलात ते कुठेच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आगळात पाणी किती घालायचं, बाटली उघडल्यावर कुठे ठेवायची, फणसपोळी किती दिवस टिकते, हे तुमच्या घरातच माहीत आहे. तुम्ही लिहा आणि एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. जुनं माहितीपत्रक श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेलं असेल, तर तो मजकूर वेबवर जसाच्या तसा चालत नाही, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा प्रमाण अक्षरसंकेतात, आणावा लागतो. ते काम कोणाच्या माथी, हे आधीच ठरवा.

बॅक-एंड म्हणजे साठा, ऑर्डरी आणि पैशांचा हिशेब. त्या फुल-स्टॅक मुलाला दोन प्रश्न विचारा. शेवटची पेटी उरली असताना ठाण्याच्या आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाने एकाच क्षणी पैसे भरले तर? यूपीआयने पैसे कापले गेले आणि तेवढ्यात नेट गेलं तर? त्याने नीट, समजेल असं उत्तर दिलं, तर खुशाल त्याला काम द्या. तुमच्या व्यापाला एक चांगला माणूस पुरतो.

टेस्टिंगसाठी वेगळी रक्कम मोजायची गरज मला वाटत नाही. मात्र ज्याने कोड लिहिला त्याने एकट्याने तपासलेलं पुरत नाही. घरातल्या दोघा-तिघांना जुन्या अँड्रॉइड फोनवर, रेंज कमी असलेल्या जागेवरून खरीखुरी ऑर्डर द्यायला सांगा आणि कोण कुठे अडलं ते लिहून ठेवा.

डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) दोन्ही तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्या. दरवर्षीच्या नूतनीकरणाची सूचना तुमच्याच फोनवर यायला हवी. मुलगा उद्या नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तरी साइटच्या किल्ल्या तुमच्याकडे राहतील. हे कोटेशनवर लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या.