वडिलांचं क्रिएटिनिन 1.4 आलंय, म्हणजे किडनी निकामी होतेय का?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की वडील 67 वर्षांचे आहेत, शुगर जुनी आहे, क्रिएटिनिन 1.4 आलं आणि लॅबच्या कागदावर हद्द 1.3 ची आहे. शेजारी डायलिसिसच्या गोष्टी करायला लागलेत, आणि किडनी काय करते, ती किती चालते हे कसं ओळखतात, ते तुम्हाला समजून घ्यायचंय. मी डॉक्टर नाही. बेळगावात नर्सिंगच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, तेवढ्याच अधिकारानं सांगते.

डायलिसिस आधी डोक्यातून काढा. नुसत्या 1.4 वर कुणी डायलिसिस करत नाही. पण "जरासंच तर वाढलंय" म्हणत तो कागद फाइलीत सारून मोकळेही होऊ नका.

किडन्या पोटाच्या मागच्या बाजूला, मणक्याच्या दोन अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. लांबी 10 ते 12 सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर. वर यकृत असल्यामुळे उजवी जरा खाली. जागा कमरेजवळची, म्हणून कंबर दुखली की लोक किडनीवर संशय घेतात. मुतखडा दुखतो हे खरं, पण शुगरनं बिघडणारी किडनी सहसा दुखतच नाही. म्हणूनच ती उशिरा कळते.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे येतो. नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. तिथून पाणी, मीठ, साखर, युरिया, क्रिएटिनिन पलीकडे जातं. रक्तपेशी आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन अलीकडेच अडतं. असं दिवसाला साधारण 180 लिटर पाणी उतरतं आणि लघवी होते दीड-दोन लिटर! किडनीला सगळे गाळणी म्हणतात ते मला म्हणूनच अपुरं वाटतं. गाळणं सोपं आहे, खरी हुशारी कामाचं ते परत घेण्यात आहे. ग्लोमेरुलसपुढे नेफ्रॉनची नळी असते, तिचा पहिला भागच दोन तृतीयांश पाणी-मीठ आणि सगळी साखर रक्तात परत ओढतो. रक्तातली साखर 180 च्या वर गेली की त्याला झेपत नाही, साखर लघवीत उतरते आणि पाणीही सोबत नेते. शुगर वाढली की माणूस रात्री तीनदा उठतो तो यामुळे. शेवटी किती पाणी राखायचं ते मेंदूतून येणारं एक संप्रेरक ठरवतं. ऊसतोडीला दिवसभर उन्हात राबलेल्याची लघवी गडद होते ती पाणी राखल्यामुळेच. शिवाय रक्तदाब सांभाळणं, रक्त तयार करायचा निरोप हाडांना देणं, ड जीवनसत्त्व वापरण्याजोगं करणं ही कामंही किडनीचीच, म्हणून आजार वाढला की बी.पी. चढतं आणि हिमोग्लोबिन उतरतं.

आता तुमचा 1.4. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. तो रोज जवळजवळ सारखाच तयार होतो आणि किडनी तो बाहेर टाकते. त्याचं गणित मात्र सरळ नाही. 0.8 चं 1.6 झालं तर ढोबळमानानं निम्मं काम गेलेलं असतं, आणि कागदावर मात्र वाढ शून्य पूर्णांक आठचीच दिसते. त्यात स्नायू प्रत्येकाचे वेगळे. म्हणून वय आणि लिंग धरून ईजीएफआर काढतात, म्हणजे दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातं त्याचा अंदाज. ईजीएफआरच्या 2021 च्या सूत्रानं तुमच्या वडिलांचा तो 55 च्या आसपास येतो. तिशीतल्या पुरुषाला तेच 1.4 असेल तर 69. आणि तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या सत्तरीच्या आजीला 1.1 असेल तर 54, तरी बऱ्याच लॅबच्या कागदावर तिच्या आकड्यापुढे खूणसुद्धा पडणार नाही. मला तुमच्या वडिलांपेक्षा अशा आज्यांची जास्त काळजी वाटते.

60 च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच त्याला जुनाट आजार म्हणतात. एका रिपोर्टवर काही ठरत नाही. आदल्या रात्री जत्रेचं मटण झालं असेल, जुलाब झाले असतील, पाणी कमी पडलं असेल, तरी आकडा चढतो. आपल्याकडे आणखी एक घोळ असतो: पहिली तपासणी चिकोडीत, दुसरी कोल्हापुरात, तिसरी मिरजेत. क्रिएटिनिन मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत, त्यामुळे थोडा फरक नुसत्या लॅबचाही असू शकतो. एकच लॅब धरा.

आणि जी तपासणी हमखास राहून जाते ती लघवीची: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. 30 च्या खाली ठीक, 30 ते 300 म्हणजे लघवीत अल्ब्युमिनची गळती सुरू, त्यावर म्हणजे जास्तच. शुगरच्या रुग्णांत बहुतेक वेळा क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी ही गळती दिसते. साधी पट्टी बुडवून केलेल्या तपासणीत थोडी गळती निसटते, म्हणून रेशोच मागा. सोनोग्राफीत किडनीचा आकार आणि अडथळा कळतो, काम किती चाललंय ते नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आहे" यावर विसंबू नका.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वडील घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या ग्लोमेरुलसकडे जाणारं रक्त कमी करतात. उलट टेल्मिसार्टनसारख्या बी.पी.च्या गोळीनं सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, पण तीच गोळी पुढे किडनी वाचवते, ती स्वतःहून बंद करू नका. पुढची तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. मात्र मध्येच लघवी एकदम कमी झाली, पायांना किंवा तोंडाला सूज आली, आडवं झाल्यावर दम लागला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जवळचा मोठा दवाखाना गाठा.