क्रूझचा आकडा ठरवताना

"मॅडम, वर्षातून किती क्रूझ म्हणजे अती?"

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की समोरची व्यक्ती जराशी घुटमळली की तो येणार हे आता माझ्या लक्षात येतं. विचारणारे बहुतेक नुकतेच निवृत्त झालेले असतात. मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, गाठीशी थोडा पैसा आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोकळा वेळ. एक क्रूझ करून येतात, आवडते, दुसरी करतात आणि मग घरात कुरबुर सुरू होते. एकाला चार हव्यात, दुसऱ्याला एक पुरते. काहींचं भांडण स्वतःशीच असतं. परवडतंय, तब्येत साथ देतेय, पण एवढी चैन आपल्याला शोभते का, असं मन खात राहतं.

यातल्या एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच बैठकांमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

गृहस्थ पहिल्याच दिवशी हिशेबाचा कागद घेऊन आले. जहाजाचं भाडं, रोजची टिप, बंदरापर्यंतचा विमानप्रवास, किनाऱ्यावरच्या सहली, प्रवासविमा असे रकाने त्यांनी पाडले होते. हिशेब अगदी चोख होता. जाहिरातीत दिसतं ते भाडं बहुधा माणशी असतं, तेही एका केबिनमध्ये दोघं धरून, आणि बाकीचे बरेच खर्च त्यात नसतात, हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. त्यांच्या ते आलं होतं.

"दोन सहज परवडतात," ते म्हणाले. "चार केल्या तर काही वर्षांत मुद्दलाला हात लागेल. मी नाही म्हणत नाहीये, फक्त आकडा सांगतोय."

"मला मुद्दल कळतं," बाई म्हणाल्या. "तरी मला चार हव्यात."

वादाला निमित्त वेगळंच झालं होतं. मागच्या प्रवासात, उतरायच्या आदल्या दिवशी, बाईंनी जहाजावरच्याच काउंटरवर पुढच्या दोन क्रूझ नवऱ्याला न विचारता बुक करून टाकल्या होत्या. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी इतका मोठा निर्णय एकटीने घेतला नव्हता. गृहस्थांना पैशापेक्षा हे लागलं होतं.

त्या काउंटरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची गाडी तिथेच घसरलेली असते. पुढची क्रूझ जहाजावरूनच बुक केली तर डिपॉझिट कमी घेतात, वर जहाजावर खर्च करायला थोडी रक्कम देतात. यात फसवणूक काही नाही, सवलत खरी असते. पण माणूस त्या वेळी सुखाच्या शिखरावर असतो आणि उद्या उतरायचं म्हणून आतून हळहळत असतो. अशा मनःस्थितीत वर्षाचा आराखडा ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्यांना कंपनी देते त्या लॉयल्टीच्या पॉइंट्सचंही तेच. "आणखी सात रात्री झाल्या की वरची पायरी मिळते" असं कुणी सांगितलं की मी विचारते, त्या पायरीवर जे मिळणार आहे ते तुम्ही एरवी पैसे देऊन घेतलं असतं का? बहुतेकांचं उत्तर नाही असं येतं.

पण या बाई सवलतीला भुलणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणून मी आकडा बाजूला ठेवला आणि दोघांना विचारलं, "आतापर्यंतचं कुठलं बंदर सगळ्यात आवडलं?"

गृहस्थ लगेच सुरू झाले. दुब्रोव्हनिकची तटबंदी, सँटोरिनीचे कडे, अलास्कात जूनोजवळ पाहिलेली हिमनदी. बोलताना चेहरा उजळला होता. बाई ऐकत होत्या.

"आणि तुम्हाला?"

"खरं सांगू? बंदर आलं की मला नकोसं होतं. मला नुसते समुद्रातले दिवस आवडतात. जमीन दिसत नाही ते."

"त्या दिवशी काय करता?"

"काहीच नाही. सकाळी फोन केबिनमधल्या तिजोरीत ठेवते. पासपोर्टाशेजारी. आकडे दाबले की तिचं कुलूप घर्र करून बसतं. तो आवाज आला की माझी सुट्टी सुरू."

गृहस्थ बायकोकडे बघतच राहिले. इतके प्रवास बरोबर करूनही ही तिजोरीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

मी शेवटच्या प्रवासाबद्दल विचारलं. तो वेगळा गेला होता. पूर्वी समुद्रात इंटरनेट मंद आणि महाग असायचं, लोक त्याच्या वाटेला जात नसत. 2022 पासून रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या कंपन्यांनी स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट जहाजांवर बसवायला घेतलं आणि भर समुद्रातही व्हिडिओ कॉल लागू लागले. या वेळी गृहस्थांनी मेल बघायला म्हणून दोघांसाठी पॅकेज घेतलं. मुलांना ते कळलं. मग लेकीचा फोन, नातवाच्या तापाचा. सुनेचा फोन, कामवालीने दांडी मारली त्याचा. भावाचा फोन, जमिनीच्या कागदांचा. बाई डेकवरच्या खुर्चीत बसून तीन घरांचा कारभार बघत होत्या.

"म्हणजे दमून परत आलात."

"पार."

"आणि तरी उतरायच्या आधी आणखी दोन बुक केल्यात?"

या प्रश्नावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी बोलून मदत करावीशी वाटते. मी बोलले नाही, आणि त्याचं मला समाधान आहे, कारण पुढचं वाक्य त्यांचं त्यांना सापडायला हवं होतं.

"आधीच्या जहाजांवर मला कुणाला नाही म्हणावं लागायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वतीने समुद्रच नाही म्हणायचा. लागला नाही फोन, त्याला मी काय करणार? या वेळी समुद्राने साथ सोडली. म्हणून मला वाटलं, जास्त वेळा गेलं तर तरी..."

वाक्य अर्धंच राहिलं. गृहस्थ म्हणाले, "पण घरी तू कधी कुणाला नाही म्हणत नाहीस. मला वाटायचं तुला हे सगळं आवडतं."

"आवडतं. पण रोज नाही."

माझ्या कामात असे क्षण मोजकेच येतात आणि मी ते जपून ठेवते. चार क्रूझ ही त्यांची मागणी दिसायला चैनीची होती. त्यांना हवे होते कुणालाही होकार देणं बंधनकारक नसलेले दिवस, आणि ते मिळण्याची त्यांना ठाऊक असलेली एकच जागा समुद्रात होती. मग त्या जागेच्या जास्तीत जास्त फेऱ्या मागणार नाहीत तर काय करतील?

माझ्या कामावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा मोठा प्रभाव आहे. त्रास प्रसंगामुळे होतो त्याहून जास्त आपण त्या प्रसंगाचा जो अर्थ लावतो त्यामुळे होतो, हे त्यांचं सूत्र मला दर आठवड्याला नव्याने पटतं. लेकीचा फोन हा प्रसंग. "उचलला नाही तर मी कसली आई?" हा अर्थ. तो अर्थ बाई बॅगेत भरून जहाजावर नेत होत्या. पूर्वी तिथे त्याला काम नसायचं. इंटरनेट आलं आणि त्याला तिथेही काम मिळालं.

म्हणून पुढच्या बैठकांत क्रूझचा विषय आम्ही जवळजवळ काढलाच नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी फोन कपाटात ठेवायचा, एवढंच ठरलं. मुलांना ते बाईंनी स्वतः सांगायचं, नवऱ्याने मध्ये पडायचं नाही आणि कारण म्हणून कुठलाही आजार पुढे करायचा नाही. लेक रागावली. पंधरा दिवस तुटक बोलत होती. बाई रडल्या, माझ्यावरही चिडल्या. "तुमचं काय जातंय सांगायला?" असं त्यांनी मला ऐकवलं, आणि मला ते आवडलं, कारण कुणाला तरी तोंडावर असं सुनावायची ती त्यांची सुरुवात होती. लेकीचा राग पुढे निवळला. दुपारी फोन करायचा नाही हे तिला इतकं सवयीचं झालं की एकदा बाईंनीच केला तर तिने काळजीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

मग आकड्याकडे वळलो. तेव्हा मी दोघांपुढे दोन अभ्यास ठेवले, कारण बाईंच्या मागणीला हावरेपणा म्हणणं मला मान्य नव्हतं. 2010 साली नेदरलँड्समधल्या 1530 लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त आनंदी दिसले ते निघण्याच्या आधी. परतल्यावर फरक जवळपास पुसला गेला. तो टिकला फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती त्यांच्यात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास लांब सुट्टी घेणाऱ्या नोकरदारांचा. सुट्टीत बरं वाटणं आठव्या दिवसाच्या सुमाराला सगळ्यात वर गेलं आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्ववत झालं.

याचा मी लावलेला अर्थ असा. सुट्टीचा परिणाम पटकन विरतो, तेव्हा वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा जावंसं वाटणं स्वाभाविक आहे, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. पण आनंदाचा मोठा वाटा वाट बघण्यात आहे, आणि वाट बघायला मधे रिकामे महिने लागतात. चार क्रूझ एकापाठोपाठ लावल्या की एकीची बॅग रिकामी होईतो दुसरीची भरायची वेळ येते. पाऊस रोज पडला तर त्याची वाट कोण बघणार? माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी वर्षात चार-पाच केल्या, त्यातल्या बऱ्याच जणांना तिसरीपासूनच्या आठवणी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात.

निवांतपणाचा मुद्दा बाईंनी लगेच उचलला. सात दिवसांत पाच बंदरं, रोज सकाळी उठून रांगेत उभं राहायचं, याला निवांत म्हणता येत नाही. मग गृहस्थांनीच शोध घेतला आणि त्यांना जहाजांच्या स्थलांतराच्या फेऱ्या सापडल्या. उन्हाळा संपला की भूमध्य समुद्रातली बरीच जहाजं अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे जातात, वसंतात परत येतात. या फेऱ्यांमध्ये सलग कित्येक दिवस किनारा दिसत नाही, आणि दर रात्रीचा खर्च नेहमीच्या क्रूझपेक्षा अनेकदा कमी पडतो. पश्चिमेकडे जाताना घड्याळ पुन्हा पुन्हा एक तास मागे करावं लागतं, म्हणजे मधूनमधून दिवस पंचवीस तासांचा मिळतो. हे ऐकून बाई इतक्या मनापासून हसल्या की माझ्याही चेहऱ्यावर हसू आलं.

जहाजावरून केलेल्या दोन बुकिंगांपैकी एक त्यांनी रद्द केली. पूर्ण रक्कम भरायची मुदत यायची होती, म्हणून नुकसान फारसं झालं नाही. बऱ्याच कंपन्यांत ही मुदत निघण्याच्या सुमारे तीन महिने आधी असते आणि त्यानंतर रद्द करणं महागात पडत जातं. ती तारीख कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी आणि त्याच्या आठवडाभर आधी दोघांनी बसून विचारावं की अजून जावंसं वाटतंय का. दोघांचं वर्षाला दोनवर एकमत झालं, एक बंदरांची आणि एक पाण्याची. पुढची बुकिंग घरी परतल्यावर निदान तीन आठवडे तरी करायची नाही, हा नियम बाईंनी स्वतः घातला.

सगळ्यांचं उत्तर दोनच येईल असं मात्र नाही. पत्नी गेल्यावर एकटे राहणारे एक गृहस्थ माझ्याकडे अपराधी भावनेने आले होते, वर्षातून तीन क्रूझ करतात म्हणून. त्यांना जहाजावरचं रात्रीचं ठरावीक टेबल हवं असायचं, तिथले तेच सहा-सात चेहरे हवे असायचे. त्यांना मी कमी करायला सांगितलं नाही. एकट्या प्रवाशाला केबिनचं भाडं अनेकदा जवळजवळ दुप्पट पडतं, म्हणून एकट्यासाठीच्या केबिन असलेली जहाजं बघा म्हटलं, आणि दोन प्रवासांच्या मधल्या महिन्यांत आठवड्यातून निदान एक जेवण कुणाबरोबर तरी होईल असं बघा म्हटलं. तिन्ही क्रूझ त्यांनी चालू ठेवल्या आहेत.

जोडीदाराला तुमच्यापेक्षा जास्त क्रूझ हव्या असतील तर कागद-पेन्सिल काढण्याआधी त्याला विचारा, जहाजावरच्या दिवसातला कुठला तास तुला सगळ्यात आवडतो? उत्तर ऐका, मध्ये बोलू नका. तो तास घरी मिळण्यासारखा असेल तर आधी तो घरी मिळवून द्या. नसेल, त्याला खरोखर समुद्रच हवा असेल, तर जादाची एक क्रूझ त्याला बहिणीबरोबर, मित्राबरोबर करू द्या आणि तुम्ही आनंदाने घरी राहा. दोघांनी एका केबिनमध्ये भाडं वाटून घेतलं की खर्चाचाही प्रश्न बराचसा सुटतो.