अर्ज कंपनीचा असतो

प्रिय,

तुझ्या मेलमधलं एक वाक्य आधी दुरुस्त करते. तू लिहिलंयस, "ताई, मला ग्रीन कार्डसाठी अर्ज करायचाय." मॅनेजरचं "पुढच्या वर्षी" आणि दुसऱ्या कंपनीची वीस टक्के जास्त पगाराची ऑफर, त्यावर पुढे येतेच. पण अगं, तो अर्ज तू करतच नाहीस. अमेरिकेत नोकरीच्या वाटेने जायचं तर पहिले दोन टप्पे पूर्णपणे मालकाचे असतात. आधी पर्म, म्हणजे जाहिराती देऊनही या जागेसाठी लायक आणि तयार असा इथला माणूस मिळाला नाही हे कामगार खात्यापुढे मांडायचं. मग आय-१४०, म्हणजे ही व्यक्ती त्या जागेसाठी पात्र आहे आणि ठरलेला पगार द्यायची आमची ऐपत आहे हे इमिग्रेशन खात्याला दाखवायचं. तिसरा आय-४८५, म्हणजे पाळी आल्यावर प्रत्यक्ष कार्ड मागायचं, तेवढा तुझ्या सहीचा.

वकीलही कंपनीचा असतो. तो तुझ्याशी छान बोलेल, पण तुझं आणि कंपनीचं हित वेगळं पडलं तर तो कुणाच्या बाजूला बसेल हे सांगायला नको. पर्मचा वकिलाचा आणि जाहिरातींचा खर्च मालकानेच करायचा, असा नियम २००७ पासून आहे. कुणी "अर्धे पगारातून कापून घेऊ" म्हणालं तर तिथून काढता पाय घे.

मग यात तुझं काय? प्रायॉरिटी डेट. पर्म ज्या दिवशी दाखल होतं तो दिवस. आय-१४० मंजूर झालं की ती तारीख तुझ्या नावावर चढते, सातबाऱ्यावर नाव चढावं तशी. पुढे नोकरी बदललीस, नव्या कंपनीने सगळं पहिल्यापासून केलं, तरी रांगेतली जागा जुनीच राहते.

रांगेबद्दल तू ऐकलं असशीलच. नोकरीच्या कोट्यातली कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच नवरा-बायको आणि मुलंही मोजायची, आणि एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये भारतीयांची ईबी-२ ची (मास्टर्स किंवा तशी पात्रता लागणाऱ्या नोकऱ्यांच्या गटाची) तारीख, म्हणजे ज्या दिवसापर्यंतच्यांची पाळी आली तो दिवस, २०१२-१३ च्या आसपास घुटमळत होती. त्या लोकांनी रांगेत नाव लावलं तेव्हा तू दहावीत असशील. इथे नागरिकत्व बघत नाहीत, जन्माचा देश बघतात. नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. स्थळ बघताना हे बघू नकोस, पण ठरलंच असेल तर वकिलाला सांगायला विसरू नकोस.

आता माझं मत, जे तुला कदाचित उलटं वाटेल. रांग इतकी लांब आहे की तारीख सहा महिने इकडे की तिकडे याने तुझं आज फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आय-१४० नसल्याने. ते मंजूर असेल आणि तारीख करंट नसेल, म्हणजे तुझी पाळी आली नसेल, तर एच-१बीची, म्हणजे तुझ्या कामाच्या व्हिसाची, कमाल सहा वर्षं संपल्यावरही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. उद्या तुझा नवरा एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आला तर त्याला काम करायची परवानगीही तुझ्या आय-१४० वरच मिळेल. २०१५ पासून तसा नियम आहे. आणि मंजुरीला १८० दिवस झाले की नंतर कंपनीने अर्ज मागे घेतला तरी मंजुरी जात नाही. म्हणून मंजुरी आल्याच्या आठवड्यात राजीनामा टाकायचा नाही. १८० दिवस मोजायचे. मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या.

तुझी एच-१बीची सव्वादोन वर्षं गेलीत. कामगार खात्याकडून त्या पदाचा प्रचलित पगार ठरवून घ्यायला काही महिने, जाहिराती आणि थांबायचा काळ मिळून दोन-तीन महिने, पर्मच्या निकालाला वर्षाच्या वर. आणि सहावं वर्ष संपायच्या आधी निदान ३६५ दिवस पर्म दाखल झालेलं हवं, नाहीतर आय-१४० तरी हातात हवं. म्हणजे मॅनेजरचं "पुढच्या वर्षी" एकदा चालेल. दुसऱ्यांदा म्हणाला तर नाही. (भारतात काढलेले दिवस सहा वर्षांत धरत नाहीत, ते परत मागता येतात. बोर्डिंग पास फेकू नकोस.)

पर्मचा काळ विचित्र असतो, तयार राहा. आमच्या ऑफिसात पॅन्ट्रीतल्या फळ्यावर एक कागद लागला होता: पदाचं नाव, कामाचं स्वरूप, पगाराचा आकडा. दहा कामाचे दिवस तो तिथे राहावा लागतो. माझं नाव कुठे नव्हतं, पण मजल्यावर त्या पदाची मी एकटीच. कॉफी घ्यायला आलेला प्रत्येक जण पगार वाचून जायचा आणि मग माझ्याशी जरा जास्तच मोकळं बोलायचा. त्याच सुमारास माझ्याच नोकरीची जाहिरात दोन रविवारी पेपरात आली. ती वाचून कुणी अर्ज केला तर त्या निवडीच्या जवळपासही फिरकायचं नाही. मॅनेजरने सहज विचारलं, "हा रेझ्युमे बघतेस का?" तरी नाही म्हणायचं.

त्या जाहिरातीत पात्रता म्हणून जे लिहिलं जातं त्यावर पुढचं सगळं उभं असतं. त्यातली प्रत्येक गोष्ट तुझ्याकडे या कंपनीत येण्याआधीपासून होती हे कागदाने दाखवावं लागतं. इथे शिकलेलं सहसा धरत नाहीत. आपल्याकडच्या कंपन्या सोडताना जे पत्र देतात त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, आणि "पुढील वाटचालीस शुभेच्छा". त्या शुभेच्छांचा इथे काही उपयोग नाही. काय काम केलं, कोणत्या तंत्रात केलं, पूर्ण वेळ होतं का, हे लेटरहेडवर हवं. माझ्या आय-१४० वर यावरूनच आरएफई आली, म्हणजे जादा पुरावा मागणारं पत्र. जुन्या कंपनीच्या एचआरने "आमच्या नमुन्याबाहेर देता येत नाही" म्हणून हात वर केले. शेवटी तिथल्या माझ्या जुन्या मॅनेजरला रात्री फोन केला. त्याने स्वतःच्या नावाने प्रतिज्ञापत्र करून दिलं, नोटरीकडे दोनदा खेटे घालून. पहिल्या खेपेला तारीख चुकली होती. तुझ्या जुन्या टीममधल्या दोघांशी आत्ताच बोलून ठेव. लोक नोकऱ्या बदलतात, नंबर बदलतात, आणि पाच वर्षांनी तुझं काम कुणालाच आठवत नाही.

तीन वर्षांची बी.एस्सी. असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांग. इथे पदवी चार वर्षांची धरतात, त्यामुळे ईबी-२ की ईबी-३ (साध्या पदवीवर चालणाऱ्या नोकऱ्यांचा गट) हा प्रश्न तिथेच फिरू शकतो. आणि ईबी-३ म्हटल्यावर नाक मुरडू नकोस. २०२० च्या ऑक्टोबरात भारतीयांची ईबी-३ ची तारीख ईबी-२ च्या पुढे गेली, आणि मास्टर्स केलेली मंडळी रांगा बदलायला धावली.

माझं स्वतःचं म्हणशील तर तारीख नोव्हेंबर २००५, ईबी-३. जुलै २००७ च्या बुलेटिनमध्ये, म्हणजे या तारखांच्या मासिक सरकारी पत्रकात, जवळजवळ सगळ्यांच्याच तारखा एकदम करंट झाल्या. मेडिकलसाठी डॉक्टरांच्या भेटी मिळेनात. लोकांनी भारतातल्या सहली अर्धवट टाकल्या, कारण अर्ज करताना इथे हजर असावं लागतं. आणि २ जुलैला ते सगळं मागे घेतलं गेलं. तेव्हा भारतीयांनी काय केलं, तर इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलं पाठवली. गांधीगिरी! मीही एक गुच्छ पाठवला. ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे रवाना झाली, आणि १७ जुलैला निर्णय फिरला. महिनाभर अर्ज घेतले गेले. त्या महिन्यात माझा आय-४८५ गेला, आणि कार्ड हातात आलं २०१७ च्या उन्हाळ्यात.

मधली दहा वर्षं मी वाट बघत बसले नाही. आय-४८५ ला १८० दिवस झाल्यावर तशाच स्वरूपाची नोकरी घेता येते. २००९ च्या मंदीत माझी जागा गेली तेव्हा त्याच जोरावर मी दुसरीकडे लागले. पण त्यासाठी माझ्याकडे आय-१४० च्या मंजुरीची प्रत लागली. ती कंपनीने दिलीच नव्हती, मी कधी मागितलीही नव्हती. काढून टाकल्यावर मागायला किती जड जातं ते मला विचार. तू प्रत्येक पावती आणि प्रत्येक मंजुरी आली की त्याच दिवशी माग. मूळ कागद ते ठेवतील, पण निदान पावती क्रमांक तरी तुझ्याकडे हवा.

आता ऑफर. नव्या कंपनीला तीन गोष्टी विचार: पर्म कधी सुरू करणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून देणार का, आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांनी तुझ्याच प्रकारच्या कामातली माणसं काढली आहेत का. काढली असतील तर आधी त्यांचा विचार करावा लागतो, आणि पर्म अडतं. २०२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी याच कारणाने पर्म थांबवली होती. लिहून देत असतील तर जा, वीस टक्के जास्तीचा पगार सोडू नकोस. "आमच्याकडे सगळ्यांचं करतात" एवढंच म्हणत असतील तर आहेस तिथे थांब, पण मॅनेजरला तारीख विचारणारा मेल टाक. तोंडी नको. त्याने तोंडी उत्तर दिलं तर "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं लिहून तूच परत पाठव. आणि नोकरी मध्येच गेली तर साधारण ६० दिवस मिळतात हे लक्षात ठेवून थोडी शिल्लक बाजूला राहू दे.

अजून एक काम, आणि ते या आठवड्यातलं. आईला फोन करून तुझा जन्मदाखला शोधायला सांग. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण बारसं नंतर होतं आणि महापालिकेत परत कुणी जात नाही. माझ्या दाखल्यावर नुसतं "स्त्री" होतं. त्यात लग्नानंतर बदललेलं आडनाव, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पदवीवर आडनाव आधी; एकाच बाईचे चार अवतार झाले होते. नाव चढवून घ्यायला अर्ज, शाळेचा दाखला, आणि कुणीतरी खिडकीशी उभं राहणारं लागतं. तुझे बाबा निवृत्त झालेत, त्यांना वेळ आहे. दाखल्याचा फोटो आला की मला पाठव.

तुझी,
ताई