दिवाणखाना, पडवी आणि पागोळ्या

प्रश्न : गुहागर तालुक्यात आम्ही जांभ्या चिऱ्याचे घर बांधत आहोत. दिवाणखाना, त्याला लागून आठ फूट रुंद पडवी आणि पुढे अंगण अशी रचना आहे. दिवाणखान्याचा दरवाजा पूर्ण दुमडणारा आहे. आतली चकचकीत टाइल तशीच अंगणापर्यंत न्यावी आणि उरलेल्या अंगणात कृत्रिम हिरवळ अंथरावी, असा मुलांचा आग्रह आहे. घरात ८२ वर्षांचे वडील आहेत. काय करावे?

उत्तर : टाइल अंगणात नेऊ नका, आणि चकचकीत टाइल तर पडवीतही लावू नका. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तुमच्या भागात पडवीची जमीन चार महिने ओलसर राहते, आणि ओल्या चकचकीत टाइलवर तरणा माणूसही घसरतो. दुकानदार ‘व्हिट्रिफाइड आहे, पाणी शोषत नाही’ असे सांगेल. ते खरेच आहे, कारण या टाइलची शोषणक्षमता अर्ध्या टक्क्याच्या आत असते. परंतु पाणी न शोषणे आणि पाय न घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घसरण रोखण्याच्या गुणासाठी ‘आर ९’ ते ‘आर १३’ अशी श्रेणी असते; आकडा मोठा तशी पकड जास्त. पडवीसाठी ‘आर ११’ मागा आणि दुकानातच टाइलवर तांब्याभर पाणी ओतून अनवाणी उभे राहून पाहा. खरखरीत टाइलमध्ये लाल माती अडकते व ती ब्रशने घासावी लागते, हा तोटा मात्र पत्करावा लागेल.

आत-बाहेर एकसंध दिसावे ही मुलांची इच्छा रास्त आहे, पण त्यासाठी एकच टाइल लागत नाही. बऱ्याच कंपन्या एकाच रंगाची टाइल आतल्यासाठी मॅट आणि बाहेरसाठी खरखरीत अशा दोन्ही पृष्ठांत देतात. दोन्हींचा आकार सारखा घेऊन सांध्यांच्या रेषा उंबऱ्यापलीकडे सरळ जुळवल्या, तर नजर अडत नाही. टाइल दोन बाय दोन फुटांचीच घ्यावी, कारण पडवीला अंगणाकडे आठ फुटांत सुमारे ३० मिलिमीटर उतार द्यायचा आहे आणि मोठी टाइल अशा उतारावर नीट बसवणे गवंड्याला जड जाते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नसल्यामुळे साधा सिमेंटचा माल तिला घट्ट धरत नाही; तेव्हा टाइल-अॅडहेसिव्ह वापरा आणि ते पूर्ण पृष्ठभर पसरवून घ्या. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल दाबण्याची पद्धत दिसली, तर काम तिथेच थांबवा, कारण त्या पोकळीत पाणी साचते आणि पुढे टाइल वाजू लागते. दुमडणाऱ्या दरवाजाखाली पडवीची पातळी निदान २० मिलिमीटर खाली ठेवून जाळीचा पन्हळ करा. एवढी पायरी वडिलांच्या पायाला ठेच लावू शकते, म्हणून तिची कड उतरती घडवा.

खरी मेख पागोळ्यांची आहे. छपराचे सारे पाणी एकाच रेषेत पडते. तिथे टाइल असेल तर शिंतोडे थेट पडवीत येतात आणि माती असेल तर चर पडतो. म्हणून पागोळीच्या रेषेखाली दीड फूट रुंद पट्टा खणून त्यात गोटे भरा आणि त्याखालून पाणी विहिरीच्या दिशेने मुरवा. आपल्या आज्या-पणज्यांनी दिवाळीनंतर चोपून सारवलेले अंगण पावसात मोकळेच सोडले जाई, त्यामागे हीच समजूत होती. आजही अंगणात केवळ येण्याजाण्याची वाट खडबडीत घडवलेल्या काळ्या दगडाची करून बाकी जमीन मोकळी ठेवावी. जांभ्याची फरशी सुंदर दिसते, परंतु सावलीत तिच्यावर शेवाळ फार लवकर धरते, त्यामुळे ती उन्हाच्या बाजूलाच शोभते. कृत्रिम हिरवळ वैशाखात तापते, आणि पावसाळ्यात तिच्याखाली चिखल कोंडतो. माझ्या मते तो पैसा वाया जाईल. खऱ्या हिरवळीला विहीर आटत असताना पाणी कोण घालणार?

झाडांमध्ये पडवीजवळ कर्दळ, लिली, अनंत अशी मर्यादित वाढणारी झाडे, तीही भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून लावा. जांभूळ दूर असू द्या. त्याचे डाग फिकट टाइलवरून निघत नाहीत. उंबराची मुळे तर पायाच शोधत येतात. उघड्या दरवाजासमोर दाट झुडूप नको, कारण कोकणात तिथे सर्वांत आधी जनावर, म्हणजे साप, वस्तीला येते.

प्रश्न : पुण्यात चौथ्या मजल्यावरील गच्चीला दिवाणखाना जोडून तिथे बाग करावयाची आहे. कोणती टाइल घ्यावी?

उत्तर : टाइलचा प्रश्न नंतरचा आहे. आधी वॉटरप्रूफिंग करून गच्चीत ४८ तास पाणी साठवा आणि खालच्या घरातील छत तपासा. फूटभर खोलीच्या ओल्या मातीचा भार प्रत्येक चौरस फुटाला सुमारे ५० किलो होतो, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीखेरीज वाफे बांधू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेल्या हलक्या मातीच्या कुंड्या तुळयांवर येतील अशा कडेने ठेवा. टाइल फिकट, मॅट आणि ‘आर ११’ घ्या. गडद रंगाची टाइल एप्रिलच्या दुपारी अनवाणी पायांना सोसत नाही.