राउटरवर (शीट कापायच्या सीएनसी मशीनवर) ६ मिमी ॲक्रिलिक कापताना कडा वितळते, खरबरीत येते. काय करावं?

आधी बिट, म्हणजे फिरतं कापणारं पातं, बदला. लाकडावर चाललेली दोन धारांची बिट ॲक्रिलिकला लावूच नका. एकाच धारेची, नवी कार्बाइडची घ्या. ॲक्रिलिक साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ पडतं, आणि बिट एका जागी घासत राहिली की तेवढी उष्णता सहज होते. मे महिन्यात नागपुरात पत्र्याच्या शेडमध्ये शीट आधीच तापलेली असते, म्हणून हे काम सकाळीच उरका.

लोक घाबरून फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, कमी करतात, तिथेच कडा बिघडते. १८००० आरपीएमला दर फेरीत ०.१ मिमी धरलं तर फीड मिनिटाला १८०० मिमी येतो. तिथून सुरुवात करा. निघणारा चुरा बोटांत धरून बघा. सुटे, कुरळे छिलके हवेत. पीठ निघालं तर फीड वाढवा, गोळे चिकटले तर हवेचा झोतही जोडा.

कडेला ०.२ मिमी माल शिल्लक ठेवून शेवटचा हात पूर्ण खोलीने, न थांबता फिरवा. शीट घट्ट बांधा, थरथरली की रेघा येतातच.

शक्यतो कास्ट (साच्यात ओतलेली) शीट मागा, एक्स्ट्रुडेड (मशीनमधून दाबून काढलेली) लवकर चिकटते. आणि कापलेली कड अल्कोहोलने पुसू नका, बारीक तडे जातात.