गढूळ पाणी नळात स्वच्छ कसं येतं?

प्रश्न: काका, पावसाळ्यात तलावाचं पाणी चहासारखं दिसतं, मग आमच्या मुंबईच्या नळाला स्वच्छ कसं येतं? आणि कधीकधी औषधाचा वास का येतो? (इयत्ता चौथी)

उत्तर: फार छान प्रश्न विचारलास बाळा! मुंबईला ७ तलावांचं पाणी मिळतं, त्यातले विहार आणि तुळशी शहरातच आहेत, बाकीचे लांब, आणि बरंचसं पाणी भांडुपच्या केंद्रात साफ होतं. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलतात म्हणून ते खाली बसतच नाहीत, नुसते तरंगत राहतात, मग पाण्यात तुरटीसारखं रसायन टाकून ढवळतात की कण एकमेकांना चिकटतात, गोळे जड होतात आणि तळाशी बसतात. आईला सांगून गढूळ पाण्याच्या ग्लासात तुरटी फिरवून बघ, थोड्या वेळाने वरचं पाणी निवळतं, मला तर हे अजूनही जादूसारखं वाटतं (पण ते पिऊ नकोस हं).

नंतर वाळूच्या जाड थरातून गाळतात. तरी डोळ्यांना न दिसणारे जंतू उरतातच, त्यांच्यासाठी क्लोरीन, आणि तुला येतो तो वास त्याचाच. थोडं क्लोरीन मुद्दाम पाण्यात ठेवतात, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम, कारण पाइपातून येताना वाटेत जंतू शिरले तर तेही मरायला हवेत ना.